पेटत नाही म्हणून

"जांभई? आत्ता?" सर ओरडले. "लोकांचे हातपाय लटपटतात इथं, आणि तुला झोप येतेय!"

"झोप नाही येत, सर. होतं मला असं."

मुलगी तळहाताला खडूची पूड चोळत राहिली. दोनदा वजनांचा बार खांद्यापर्यंत येऊन निसटला होता. आता तिसऱ्यांदाही गेला, तर स्पर्धेतून बाद आणि संघातूनही. सरांनी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले, झोप उडवणारी झणझणीत वासाची बाटली नाकाखाली धरली, दोन शिव्या हासडल्या. बाकीच्या मुली एवढ्यावर पेटून उठत. ही आपली बसची वाट बघत असल्यासारखी उभी.

तिचं नाव पुकारलं. सर तिच्या कानाशी वाकले.

"तो वर्गातला मुलगा काही खोटं नाही बोलला," ते हळूच म्हणाले. "तुला बायको करून घरी नेलं, की सिलिंडर वर चढवायला माणूस बघायला नको."

तिचे हात थांबले.

तो मुलगा हे बोलला तेव्हा शाळेच्या जिन्यात ती दोघंच होती. त्यानं हे कुणाला सांगणं शक्य नव्हतं. बोलून तो विसरूनही गेला असेल. तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, मांडीत तोंड खुपसून. केसांवरून हात फिरवत आई म्हणाली होती, "माझ्या पोटातच राहील हो, राणी."

तिनं मान वळवली. समोरच्या बाकांवर आई बसली होती. आई तिच्याकडे बघत नव्हती, सरांकडे बघत होती. सरांनी अंगठा वर केला. आईनं मान डोलावली.

मुलगी मंचावर गेली. बार उचलताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं पंचसुद्धा दचकले. बार वर गेला आणि वरच राहिला. उचल मान्य झाल्याचे तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, तरी तो खाली ठेवायचं तिला सुचेना.

ती मंचामागे परतली, तशी आई धावत आत आली.

"औषध लागू पडलं, ताई!" सर हसत म्हणाले. "पुढच्या वेळेसाठी असंच काहीतरी शोधून ठेवा."

आईही हसली. मग तिला मुलीचा चेहरा दिसला.

"अगं, सर म्हणाले, ही पेटतच नाही, हिला झोंबेल असं काहीतरी सांगा. तुझ्यासाठीच ना गं?"

"हो."

"रागावलीस?"

"नाही."

आईनं तिच्या कमरेचा पट्टा सोडला, घाम पुसला, लहानपणी घालायची तसा एकेक हात धरून स्वेटर घातला.

"कुठं लागलंबिगलं नाही ना, बाळा? सांग मला."

"कुठं नाही," ती म्हणाली, आणि सालटं निघालेला तळहात तिनं बाहीच्या आत ओढून घेतला.