घंटेचा दिवा

"काका, पेशंटने घंटा दाबली की सर्व्हरमधला कर्नेल, म्हणजे त्याची मूळ यंत्रणा, प्रोटोकॉलप्रमाणे सॉकेट, म्हणजे नुसती लाइन, परस्पर जोडून मोकळा होतो. नर्सला निरोप देणारा आपला प्रोग्रॅम अडकून पडला असला, तरी दिवा हिरवाच होतो! नर्सने उत्तर दिल्यावरच तो हिरवा करू या," पुतणीने परत बजावलं.

"जोडलं गेलं ना? मग झालं! डोकं खाऊ नकोस," कंपनीचे मालक असलेले काका खेकसले. घंटा हॉस्पिटलभर बसल्या.

पुढे त्याच हॉस्पिटलात आजोबांना धाप लागली. काका घंटा दाबदाबून किंचाळत होते, "झोपलेत का सगळे? कुणी येत का नाही?"

नर्सला आणायला धावत सुटलेली पुतणी दारातून ओरडली,


"दिवा हिरवा आहे ना, काका? मग झालं!"