कशाचं चित्र

डेपोतल्या तेलाच्या टाक्या अजून जळत होत्या. दुपार असूनही घरात दिवा लावावा लागला होता. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते, तरी वास यायचा तो येतच होता. जेवणाच्या टेबलावर मधोमध फोन चार्जिंगला लावलेला होता.

घरातला एकुलता एक पुरुष आगीच्या बंबावर होता. काल ड्यूटीवर गेला तो तिकडेच. सकाळी डेपोची एक भिंत कोसळली आणि काहीजण आत अडकले, एवढं त्याच्या स्टेशनवरून कळवलं होतं. कोण अडकले ते सांगितलं नव्हतं.

सून टेबलाच्या कडेला रंग घेऊन बसली होती. शाळेत ती मुलांना चित्रकला शिकवायची. किटली, फळांची टोपली, डोंगर, असं सगळं जिथल्या तिथे काढायला लावायची. आज तिने मोठा कागद पसरला होता आणि त्यावर नुसता राखाडी रंग फासत चालली होती. रुंद ब्रशने, कडेपर्यंत, मग पुन्हा त्यावरूनच. मध्येच तिने एक लाल रेघ ओढली आणि लगेच फडक्याने पुसली. पुसलेली जागा मळकट गुलाबी झाली. ती तिने तशीच ठेवली.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ओटा त्यांनी सकाळपासून चारदा पुसला होता. टीव्ही त्यांनीच बंद केला होता; तीच भिंत पुन्हा पुन्हा पडताना दाखवत होते.

"हे कशाचं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आई."

सासूबाईंना ते आवडलं नाही. शेजारची डोकावली तर काय म्हणेल, असं त्या पुटपुटल्या. एवढ्या रंगात अख्खं दार रंगवून झालं असतं, असंही म्हणाल्या. सुनेने वाद घातला नाही. हात थांबला की भिंत दिसते, एवढंच तिने सांगितलं.

सासूबाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. कापड समोर आलं की कुठे ओढलं जातंय, कुठे झोळ येतोय, ते त्यांना आधी दिसायचं. तशाच त्या कागदाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे कमी पडलंय."

"काय?"

"काळं."

सुनेने तिथे काळा रंग लावला. सासूबाई अजून म्हणाल्या, तिने अजून लावला. कागद भिजून फुगला, सुरकुतला. सासूबाईंनी मान तिरकी करून बघितलं आणि थोडं वर सरक म्हणाल्या. सून वर सरकली. कशाच्या वर, हे तिने विचारलं नाही.

फोन वाजला तेव्हा दोघींपैकी कुणीच लगेच हात पुढे केला नाही. सुनेचे हात रंगाने भरले होते. शेवटी सासूबाईंनी बोटाने बटण दाबून स्पीकर लावला.

तोच होता. घसा बसला होता, पण आवाज त्याचाच होता. बाहेर आलोय, म्हणाला. खांद्याला भाजलंय, फार नाही, दवाखान्यात पट्टी करतायत. बंबावरच्या ड्रायव्हरदादांचं विचारू नका, म्हणाला. तुम्ही जेवलात का, असं त्याने विचारलं आणि सासूबाई हो म्हणाल्या. ते खोटं होतं. फोन बंद झाला.

आता उठायला हवं, शेजारी सांगायला हवं, असं सुनेला वाटलं. ती उठली नाही. तिला वाटलं होतं, असा फोन आला की आपण जमिनीवर बसून रडू. छातीत काहीच हललं नाही. दवाखान्यात त्याच्यासाठी धुतलेला शर्ट न्यावा लागेल, असं ती म्हणाली. हो, लागेल, सासूबाई म्हणाल्या. त्यांचीही नजर कागदावरच होती.

जरा वेळाने सुनेने ब्रश गोळा केले आणि ती मोरीकडे निघाली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"धुऊ नकोस."

"आई, ते बाहेर आलेत. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "हाताला अजून कळायचंय."

त्यांनी तिच्या हातातून सगळ्यात रुंद ब्रश घेतला, शिवणकामाची कात्री धरावी तसा मुठीत धरला, आणि काळ्या रंगात बुडवला.