सवडीने वाचावे असे

"आयांना जाडी पुस्तकं झेपत नाहीत, हे मी म्हणत नाही. तुमचं कपाटच म्हणतंय," कार्यवाह म्हणाले आणि त्यांनी नव्या पुस्तकांच्या कपाटाच्या काचेवर बोटाने टकटक केले.

कपाटातल्या प्रत्येक पुस्तकासमोर ग्रंथपालांनी आपल्या हाताने शिफारशीचे कार्ड लिहून ठेवले होते. शब्द चार वेळा खोडून, पाचव्यांदा पसंत पडल्यावर. पुस्तके मात्र बसवलेल्या दातांसारखी ओळीत घट्ट उभी होती. कार्यवाहांच्या बगलेत पुस्तिकांचा गठ्ठा होता: मोठा टाइप, चित्रे, डब्याच्या कृती, मनःशांती. यापुढे वाचनालयात मुलांच्या आयांसाठी नवे असे एवढेच यायचे, यावर संध्याकाळच्या बैठकीत शिक्कामोर्तब व्हायचे होते.

"एक कादंबरी गेलेली आहे," ग्रंथपाल म्हणाले. "सगळ्यांत जाडी. जुळ्यांच्या आईनं नेलीय."

"नेली हो! पण मुदत उलटून किती दिवस झाले? उशाला घेत असेल."

हा टोला ग्रंथपालांना वर्मी लागला, कारण ही शंका त्यांनाही आली होती. परवाच त्यांनी तिला कडक स्मरणपत्र धाडले होते.

आणि तेवढ्यात तीच आली. एका हाताला एक मुलगी, दुसरी पदराला. खांद्यावरची कापडी पिशवी तिने टेबलावर उपडी केली. कापडाच्या चिंध्यांनी नीट बांधलेले छापील पानांचे गठ्ठे बाहेर पडले. वरच्यावर कादंबरीचे रिकामे पुठ्ठे होते, सोललेल्या फळाच्या सालासारखे.

"हे काय?" ग्रंथपालांचा आवाज चिरकला.

"पुस्तक, काका. तुमचं पत्र आलं ना, म्हणून आणलं."

"पुस्तक? अहो बाई, तुम्ही त्याचा खून केलात!"

कार्यवाह खो खो हसले. "घ्या! झेपलं नाही, म्हणून फाडलं."

"फाडलेलं नाही," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली. "मी कपडे शिवते. दोरा काढून उसवलंय. एका पानाला धक्का लागला असेल तर दाखवा. वाचून झालं की परत शिवून देणार होते."

"पण का?" ग्रंथपाल ओरडले. एका मुलीने दचकून आईच्या मागे तोंड लपवले. "अखंड पुस्तक वाचता येत नव्हतं?"

"एका हातात मावत नाही ते. दुसरा हात माझा कधी मोकळा असतो? सांगा ना." ती आता चिडली होती. "कार्डावर तुम्हीच लिहिलंय, सवडीनं वाचावं असं पुस्तक. सवड काही मोठी होईना. मग पुस्तक लहान केलं."

ग्रंथपालांनी एक गठ्ठा उचलला. कडेला हळदीचा डाग होता. दुसऱ्यावर कुणाच्या तरी ओल्या बोटाचा सुकलेला ठसा होता. त्यांच्या कपाळाची शीर उडू लागली. "डाग पाडायचे, वर तोंड करून बोलायचं! आणि यात तिसरा भाग कुठंय?"

"नर्सबाईंकडे. शाळेच्या फाटकाशी त्या धरून आम्ही चौघी-पाचजणी पोरं सुटायची वाट बघत असतो. मी म्हटलं, वाचून बघा गं, काय लिहिलंय म्हणून सांगू! तेव्हापासून गठ्ठे फिरतायत. पत्र आल्यावर परत मागितला, तर नर्सबाई रडकुंडीला आल्या, पण तिसरा सोडेनात. म्हणाल्या, तुझ्या ग्रंथपालाला सांग, मी मेले म्हणून."

"आणि तुमचा तिसरा वाचून झाला?"

"कुठला! माझा नंबर नर्सबाईंच्या नंतर."

"पण चौथा, पाचवा हे इथं आहेत. ते वाचले असतील."

तिने त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू त्यांनी काही अभद्रच विचारले असावे. "मधलं टाकून पुढचं वाचायचं? असं कसं वाचणार, काका?"

ग्रंथपालांनी हातातला गठ्ठा हळूच खाली ठेवला.

"नियम वाचा नियम," कार्यवाहांनी भिंतीवरच्या चौकटीकडे हात केला. "ग्रंथाची मोडतोड केल्यास सभासदत्व रद्द. तुमचंच अक्षर आहे. करा रद्द. आणि हे तुकडे ठेवा इथं, संध्याकाळी बैठकीत मांडतो सगळ्यांसमोर."

तिने गठ्ठ्यांवर हात ठेवला, तो उचलला नाही.

ग्रंथपाल उठले, चौकटीजवळ गेले आणि आपलेच अक्षर परके असल्यासारखे त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. मग परत येऊन त्यांनी सगळे गठ्ठे, पुठ्ठ्यांसकट, तिच्या पिशवीत कोंबले.

"अपुरा ग्रंथ जमा होत नाही," ते कार्यवाहांना म्हणाले. "आणि ग्रंथ येणं बाकी असताना सभासदाचं नाव कमी होत नाही. तेही माझंच अक्षर आहे." मग तिच्यावर खेकसले, "बघता काय? न्या! सगळ्याजणी मिळून पूर्ण करा, मग आणा. आणि हळदीचे हात धुऊन वाचत जा जरा!"

"अहो, पण मी बैठकीत मांडू काय?" कार्यवाह म्हणाले.

"तो तुमचा गठ्ठा आहे की बगलेत."

कार्यवाह पाय आपटत आत गेले. ग्रंथपाल धुसफुसत खिडकीशी उभे राहिले. समोर थांब्यावर जुळ्या एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. त्यांची आई पिशवी कोपरात अडकवून एका हाताने पहिला गठ्ठा उघडत होती. वाचून झालेलाच, पुन्हा पहिल्यापासून.

बस आली, उभी राहिली, निघून गेली.

"अहो बाई, बस!" ग्रंथपाल खिडकीतून ओरडले.

तिने मान वर केली नाही. पान उलटले.