वरची ओळ

"मुलांची नावं जन्माच्या क्रमानं सांगा," पाथरवट म्हणाला. "दगडावर खोडरबर चालत नाही."

"क्रम कसला? मी एकटाच. इवज." बापाच्या कबरीचा दगड ठरवायला बावन्न वर्षांचा लेक म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. ती दाराशी स्टुलावर बसली होती.

पाथरवटानं खडूनं बापाचं नाव लिहिलं, एक ओळ रिकामी सोडली आणि तिच्याखाली 'इवज' लिहिलं.

"मधे जागा कशाला?"

"थोरल्यासाठी. त्याचं नाव घरचे नेहमी उशिराच सांगतात."

"अहो, थोरला आहेच कुठे? मी एकुलता एक!"

पाथरवटानं चष्मा कपाळावर चढवला. चाळीस वर्षं नावं कोरून त्याला निम्मं घर नावावरूनच कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवायची सवय काही त्याला लागली नव्हती. "इवज हा अरबी शब्द. आपलं 'ऐवजी' त्यातूनच आलंय. गेलेल्याच्या बदल्यात मिळालेला, तो इवज. एक मूल दगावल्यावर जे होतं, त्याचं हे नाव ठेवतात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

लेकाला हसू आलं. काय वाट्टेल ते! आईनंही हसावं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

"अम्मा?"

"अकरा महिन्यांचा होता," ती म्हणाली. "तापानं गेला."

"आणि हे मला आज कळतंय? परक्या माणसाच्या तोंडून?"

"तुझ्या अब्बांनी शपथ घातली होती. तू चार वर्षांचा होईस्तोवर मी तुला त्याच्याच नावानं हाक मारायचे. कितीही ठरवलं तरी तोंडात तेच यायचं. ते घाबरले. म्हणाले, आजपासून या घरात ते नाव काढायचं नाही. नाही काढलं."

चिडावं की रडावं, लेकाला कळेना. ज्या जागेवर जन्मभर ऐटीत बसलो, ती आपली नव्हतीच, एवढंच डोक्यात घण घालत होतं.

पाथरवट ओशाळला. खडू रिकाम्या ओळीवर टेकवून त्यानं हळूच विचारलं, "नाव काय होतं, आजी?"

तिनं मान वर केली. "खालिद," ती म्हणाली. सांगावं तसं नाही, अंगणातून पोराला हाक मारावी तसं.

"ओ," लेकाच्या तोंडून निघून गेलं.