अठरा तास उजेड

"आता याच्या वर तुझं स्वयंपाकघर आहे," हेक्टर म्हणाला. "फरशी फोडून यांना टेबलाशी जेवायला बसवणार आहेस का?"

मोराग तळघराच्या जिन्यात बसून होती. कंबर तिला पाचव्या पायरीच्या खाली उतरू देत नव्हती, त्यामुळे ती सगळं पाचव्या पायरीवरून बघायची. समोर गांजाची चार झाडं होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात दर घरी चारच चालतात. घरात माणसं किती उरलीत हे कायदा विचारत नाही. बिया तिच्या नवऱ्याने, रॉरीने, लावल्या होत्या. रॉरी एप्रिलमध्ये गेला तेव्हा झाडं वीतभर होती. आता ऑगस्ट होता. झाडं तळघराच्या छताला लागून आडवी वळली होती आणि शेंडे दिव्याला टेकून करपले होते.

हेक्टर रॉरीचा धाकटा भाऊ. वय एकाहत्तर. त्याच्याही घरी चार झाडं होती, म्हणून तो या विषयातला प्राध्यापक.

"अठरा तास उजेड दिला की झाडाला वाटतं, कायम जून आहे. जूनमध्ये फुलायची घाई कोणाला असते? बारा तास उजेड आणि बारा तास सलग काळोख दे. मग त्याला कळतं, हिवाळा आला, आपलं काही खरं नाही. लगेच फुलायला घेतं. नऊ आठवडे. मग कापायचं, तेल काढायचं, तुझ्या कमरेला लावायचं."

"आणि मग?"

"मग काय? दिवा बंद."

"अठराच राहू दे," मोराग म्हणाली.

"का?"

"काळोख वाढवला तर तो जास्त वेळ येईल."

"कोण?"

"तुझा भाऊ."

नळ दुरुस्त करायला कोण येतं हे सांगावं, तशी ती सांगत होती. दिवा रात्री बाराला बंद होतो आणि सकाळी सहाला लागतो. मधले सहा तास रॉरी खाली येऊन बसतो. खुर्ची सरकवतो. खोकतो. एकदा हवामानाबद्दल काहीतरी बोलला.

"मेल्यावरसुद्धा हवामान?"

"जन्म कोळशाच्या खाणीत गेला, लेका. त्याला हवामानाचं अप्रूप."

"मग बारा तास येईल. चांगलंच की."

"बारा तास मी त्याच्याशी काय बोलू? लग्न झाल्यापासून तो पाळीवर. माझ्या वाट्याला रोजचे सहाच तास यायचे. आमचं तेवढ्यावर बरं चाललं होतं."

हेक्टर हसला. मोराग हसली नाही, तेव्हा त्याने हसणं आवरलं आणि सोबत आणलेलं खोकं उघडलं. आत नवा सपाट दिवा होता, दोनशे चाळीस वॅटचा.

"ही तुझी सहाशे वॅटची भट्टी काढून टाकू. याचा उजेड तेवढाच, पण हा तापत नाही. शेंडे करपणार नाहीत."

"तापत नाही?"

"अजिबात नाही."

"मग नको. थंडीत त्याचे गुडघे धरतात."

"मोराग, त्याचे गुडघे सेंट ॲनच्या दफनभूमीत आहेत."

"बाकीचाही आपण तिथेच ठेवला होता."

हेक्टरने खोकं बंद केलं. मग खिशातून सुतळी काढून तो फांद्या खाली ओढून बांधू लागला, म्हणजे निदान दिव्यापासून दूर राहतील. त्याच्या बोटांना काळी भुकटी लागली. एका शेंड्याचं पान हातात घेताच चुरलं.

"हवामानाशिवाय काही बोलतो का तो?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"रोज एकच विचारतो. फुलं आली का?"

हेक्टरचे हात थांबले.

"तू काय सांगतेस?"

"अजून नाही."

"एप्रिलपासून?"

"एप्रिलपासून."

दिवा घरघरत होता. हेक्टरने उरलेली फांदी बांधली, गाठ मारली, परत सोडली आणि परत मारली. मग तो जिना चढून तिच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून त्याला तिच्या केसांतला फक्त भांग दिसत होता.

"तो काय म्हणतो त्यावर?"

"काही नाही. बरं म्हणतो. वाट बघायची त्याला सवय आहे."

दिव्याचा टायमर जिन्याच्या भिंतीवर होता. गोल चकती, कडेने छोटे दात. दाबलेला एक दात म्हणजे अर्धा तास उजेड. मोरागने हात वर करून पहिला दात उचलला. मग दुसरा. हेक्टर मदतीला वाकला, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. बारा दात तिने एकटीने उचलले, संध्याकाळी सहापासून रात्री बारापर्यंतचे, प्रत्येक वेळी नख आत घालून, अगदी सावकाश. मग दोघं वर आली आणि तिने तळघराचं दार लावलं.

स्वयंपाकघरात लख्ख ऊन होतं. हेक्टरने चहा ओतला. सहाला दोन मिनिटं असताना तो शेजाऱ्याच्या नव्या होडीबद्दल बोलायला लागला आणि वाक्याच्या मधेच थांबला.

खाली टक् झालं. घरघर बंद पडली.

मग खुर्ची सरकली. कोणीतरी खोकलं, छातीत कोळसा असलेला माणूस खोकतो तसं.

"एवढ्यात?" खालून आवाज आला.

मोरागने बशीतला चमचा सरळ केला. "हिवाळा आला, रॉरी," ती फरशीकडे बघून म्हणाली.

हेक्टरने कप ठेवला. तळघराच्या दाराखालून उन्हाची एक पट्टी आत जात होती. त्याने अंगातला कोट काढला, गुडघ्यांवर बसला आणि तो फटीत नीट, टोकापासून टोकापर्यंत कोंबला.

"उजेड आत जाता कामा नये," तो म्हणाला. मग त्याने फरशीला कान लावला, आणि चहा निवला तरी उठला नाही.