जानूची बेकारी

"नवरा काय करतो?" साहेबांनी विचारलं, आणि मैनाच्या ओट्यावर जमलेलं अख्खं सारसोळे गाव तिच्याकडे बघू लागलं.

उत्तर सोपं होतं. जानू काहीच करत नव्हता. गावात याबद्दल दुमत नव्हतं. एकदा तो होडीत झोपला, ओहोटीबरोबर घारापुरीपर्यंत वाहत गेला, भरतीबरोबर परत आला आणि डोळे उघडून म्हणाला, की आज वारा पडलेला दिसतो. पटत नसेल तर शेजारच्या दिवाळे गावात विचारा. दिवाळेकर सारसोळ्याची एक गोष्ट खरी मानत नाहीत, पण ही मानतात.

आता त्याच आळसाचं सोनं होणार होतं. नव्या शहरासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या बेकारांना धंद्यासाठी सरकार पैसे देणार होतं. निम्मं कर्ज, निम्मं अनुदान. जानूने नेरूळच्या नव्या बिल्डिंगींसमोर पानाची टपरी मागितली होती. बसून करायचा तेवढा एकच धंदा त्याला आठवला होता. बेकारीचा दाखला द्यायला सरपंच स्वतः चालत घरी आले होते आणि पंचांचं त्यावर एकमत झालं होतं, जे देवळाच्या रंगावरही कधी झालं नव्हतं. आज चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले होते. त्यांना घरच्या माणसाच्या तोंडून फक्त एवढंच ऐकायचं होतं, की हा काही करत नाही.

खरं तर टपरी जानूपेक्षा मैनाला हवी होती. डोक्यावर पाटी घेऊन बिल्डिंगींचे जिने चढता चढता तिचे गुडघे गेले होते. चौथ्या मजल्यावरच्या विमलबाई तर सगळे बोंबील उलटेपालटे करून, आज कोथिंबीर महाग आहे म्हणून तिला परत पाठवायच्या. टपरी झाली असती तर मैना पुढे बसली असती आणि जानू मागे झोपला असता. सगळं ठरलं होतं. सकाळपासून जानूने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. काय नाय करत. बस, एवढंच.

पण ओट्याच्या पायरीवर शेजारची गोजरा उभी होती, पदर तोंडाला लावून. मैना लग्न होऊन आली तेव्हापासून गोजरा तिला रोज विचारायची, उठला का तुझा राजा? आणि मैना रोज सांगायची, की तो पहाटेच खाडीत जाऊन आलाय, दमलाय, म्हणून पडलाय. हे खोटं आहे, ते गोजराला ठाऊक होतं. गोजराला ठाऊक आहे, ते मैनाला ठाऊक होतं. तरी इतक्या वर्षांत मैनाने एकदाही शब्द फिरवला नव्हता.

मैनाने साहेबांकडे पाहिलं. मग गोजराकडे पाहिलं. मग आपला गुडघा चोळला.

"पहाटंला खाडीत जातान," ती म्हणाली. "जालं टाकतान. म्हावरा आनतान, तो मी विकते. त्यांच्यावर तर घर चाललंय आमचं."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी पेन वर उचललं. माणूस भला होता, आणि ओट्यावर येताना तो झोपलेल्या जानूला ओलांडूनच आला होता. त्याने समजावून सांगितलं, की बाई, नीट विचार करा, मी लिहिलं की ते सरकारात जातं, मग खोडता येत नाही. मैनाने मान खाली घालून तेच पुन्हा सांगितलं. या खेपेला त्यात कोलंबीही घातली.

साहेब जानूकडे वळले. "काय हो, खरं आहे का हे?"

जानूने त्या क्षणी नुसती जांभई दिली असती, तरी टपरी मिळाली असती. जन्मभर जे केलं तेच कबूल करायचं होतं. पण मैनाची मान अजून खालीच होती, आणि गोजराच्या तोंडावरचा पदर हळूहळू निघत होता.

"होय साहेब," जानू म्हणाला. "रोज जातो."

साहेबांनी लिहिलं. जीप गेली. जीपबरोबर टपरीही गेली. गोजरा एक शब्द न बोलता पायरी उतरून घरी गेली, आणि त्या दुपारी खाडीचं पाणी घटकाभर उलटं वाहिलं असं शपथेवर सांगणारे सारसोळ्यात अजून आहेत.

मैना चुलीशी जाऊन बसली. आता जानू काय बोलेल याची वाट बघत राहिली. बोलणं आलं नाही, माळ्यावरून धूळ आली. जानू जाळं खाली ओढत होता. त्यात उंदरांच्या कितीतरी पिढ्या सुखाने नांदून गेल्या होत्या. ते तसंच खांद्यावर टाकून तो दाराकडे निघाला.

आता तर ओहोटी हाय, मैना म्हणाली. मग काठावर बसतो पानी येईपर्यंत, तो म्हणाला. हे काय नवीन, असं तिने विचारलं तेव्हा जानू उंबऱ्यात थांबला.

"गोजराला रोज सांगायचीस, ते मी पडल्या पडल्या ऐकत होतो," तो म्हणाला. "शेजारनीला खोटं सांगितलेलं चालतं ग. आता सरकारला सांगितलंस. खरं करावं लागंल."