वरचा सा

"गोड आहे, पण जरा जास्तच गोड," लक्ष्मीकांत म्हणाला. "ती आटीव दुधाची शिकंजी प्यायल्यासारखं वाटतं भिया. गाणं कमी, मलई जास्त."

"काय काका! मला तर एकदम क्लिअर वाटला. मतलब, तबल्यावरची बोटं दिसतात," निधी म्हणाली.

परेशने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. जपानहून मागवलेला वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्या दिवाणखान्यात येऊन आठवडाही झाला नव्हता. सांवेर रोडवर स्वतःचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना चालवणारा हा माणूस त्यातल्या लालसर उजळलेल्या काचांकडे नव्याने बाप झाल्यासारखा बघत होता. निधी त्याची भाची, तिचं कौतुक घरचंच. त्याला एकाच माणसाचं मत हवं होतं.

"वासुदेवकाका, तुम्ही सांगा."

"बोल ना वासू," लक्ष्मीकांत म्हणाला. "तू बोललास की मला उलट बोलता येईल."

सगळे हसले. वासुदेवही हसला, कारण सगळे हसलेले त्याला दिसले.

रेडिओवर रेकॉर्डिंग करण्यात त्याची हयात गेली होती. बडा गणपतीजवळच्या या घरात दर रविवारी पोहे-जिलबी झाली की हे चौघं ऐकायला बसत, आणि ऐकण्यापेक्षा भांडतच जास्त. एकदा तर स्पीकरच्या वायरीवरून वासुदेव आणि लक्ष्मीकांत महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. या भांडणासाठीच तर वासुदेव उरलेला आठवडा कसाबसा ढकलायचा.

उन्हाळ्यापासून त्याचे कान गेले होते. कोणी तोंडासमोर येऊन बोललं तर कळायचं, निम्मं कानांनी, निम्मं ओठांवरून. गाणं मात्र संपलं होतं. आत्ता वाजलेली ठुमरी त्याला रजईखालून कोणी कण्हावं तशी ऐकू आली होती. कानाला मशीन लावलं तर बोलणं नीट ऐकू येईल, गाण्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मशीन लावून या खोलीत यायचं म्हणजे इथला मान स्वतःच्या हाताने सोडायचा. त्याने घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं.

"रेकॉर्डची दुसरी बाजू लाव," तो रुबाबात म्हणाला. "एका बाजूवर मी काही सांगत नाही."

परेश चहाचे कप आत ठेवून येईपर्यंत निधीने मोबाइल जोडून एक गाणं लावून बघितलं आणि बंद केलं. मग परेशने रेकॉर्ड उलटवली, तिच्यावर सुई ठेवली. सुई टेकलेली वासुदेवने पाहिली आणि डोळे मिटले.

ही रेकॉर्ड त्याला पाठ होती. आधी सारंगीचा छोटा तुकडा, मग बाईंचा आलाप, मग तबला. पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. खर्ज चांगला उतरलाय, त्याला वाटलं. हळूहळू त्याच्या आत सगळंच वाजायला लागलं. इतकं स्वच्छ त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तो फार सुखावला. बोटांनी मांडीवर ठेका धरला. समेवर मान हलली आणि तोंडातून "क्या बात है" निघून गेलं. मग डोळे न उघडताच, वर्षानुवर्षं देत आला होता तसं त्याने आपलं मत देऊन टाकलं.

"परेश, वाईट वाटून घेऊ नकोस. खालचे स्वर भरदार आहेत, पण वरचा सा कोरडा आहे. त्यात जीव नाही. तुझा जुनाच बरा होता."

आता लक्ष्मीकांत उसळणार, म्हणून त्याने डोळे उघडले.

लक्ष्मीकांत तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होता. निधी खाली बघत होती. परेश ॲम्प्लिफायरसमोर वाकला होता. त्याने एक बटण फिरवलं, आणि त्याच क्षणी ते रजईखालचं कण्हणं वासुदेवच्या कानांत सुरू झालं.

म्हणजे आतापर्यंत खोलीत काहीच वाजत नव्हतं. निधीने गाणं लावल्यावर ॲम्प्लिफायरचं बटण मोबाइलवरून परत रेकॉर्डकडे वळवायचं राहूनच गेलं होतं. तो ज्याला खर्ज समजला, ती खालच्या मजल्यावरची पिठाची चक्की होती.

आता हसतील, त्याला वाटलं. हसू देत. लक्ष्मीकांत तर हा किस्सा सराफ्याच्या खाऊगल्लीपर्यंत पोचवेल, पोचवू दे. हसले तर अजून आपण यांच्यातलेच आहोत.

कोणी हसलं नाही. बाजू संपेपर्यंत कोणी कोणाकडे बघितलंही नाही.

"बरोबर आहे काका," शेवटी परेश म्हणाला. "वरचा सा कोरडाच आहे. मला पण शक होताच. परत पाठवून देतो."

"हो ना," निधी घाईघाईने म्हणाली. "मला पण आत्ता जाणवलं."

वासुदेव पुढे सरकला. इतक्या रविवारांत या खोलीत तीन माणसांचं कधी एकमत झालं नव्हतं. तो लक्ष्मीकांतकडे वळला.

"लक्ष्मीकांत, तू बोल. मी चुकलोय ना? साफ चुकीचं बोललोय. सांग ना यार यांना!"

लक्ष्मीकांत उठला. नेहमी तोंडात सुपारी धरून भिंतीकडे बघत बोलणारा हा माणूस आपली खुर्ची ओढून वासुदेवच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला. मग ओठ सावकाश हलवत, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाला,

"वासुदेवराव, तुम्ही म्हणता तेच बरोबर."